परतलेल्या विद्वानाचें चलच्चित्र

इ. स. १८९९ मध्यें रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिज येथें 'सीनियर रँग्लर' झाले. हा मान मिळविणारे ते पहिलेच हिंदी विद्यार्थी. १९०१ मध्यें ते स्वदेशीं परतले, तेव्हां मुंबईस झालेलें त्यांचें स्वागत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनीं फितीवर टिपलें. १८९९ मध्यें याच गृहस्थांनीं हँगिंग गार्डनमधील कुस्तीही टिपली होती. घरचे मल्ल आणि विलायतेहून आलेला गणिती, दोघेही एकाच छायाचित्रकाराच्या फितींवर!

मूकपटाच्या काळीं यंत्र सेकंदास सुमारें सोळा छायाचित्रें घेई. तीं त्याच वेगानें पडद्यावर पडलीं, कीं डोळ्यांस निरनिराळीं न दिसतां हालचाल भासते. आमच्या नालवाडींत विनोबाजी राहत असतां सूतकताई चाले, हें आम्ही वाचतों. परंतु सूत ओढतांना हात कसा फिरे, हें वाचून कळत नाहीं. तें फितीनेंच कळावें.

मात्र त्या काळची फीत नायट्रेटची, चटकन् पेटणारी व ठेवल्या जागीं नासणारी. सावेदादांच्या त्या फिती आज पाहावयास मिळत नाहींत.

पुढें घरगुती फिती अॅसिटेटच्या निघाल्या. त्या तशा पेटत नाहींत, पण आमच्या वर्ध्याचा उन्हाळा त्यांसही मानवत नाहीं. पालकांपैकीं कोणाकडे परदेशस्थ आप्तांची अशी फीत असल्यास ती थंड, कोरड्या जागीं ठेवावी. डबा उघडतांच शिरक्यासारखा आंबट वास आला, तर ती बिघडूं लागली असें समजून तिची प्रत त्वरित काढवून घ्यावी.