पुढचा पाय लंगडतोय, पण एक्स-रे साफ

चाकण एमआयडीसीत कंपनीच्या गेटवरचा कुत्रा लंगडू लागला की ‘गाडीनं उडवलं असेल’ हे ठरलेलं उत्तर. पुणे-नाशिक महामार्गाची वर्दळ पाहता ते अनेकदा खरंही असतं. पण धडकेनं बगलेतल्या नसा तुटल्या तर पाय त्याच क्षणी लुळा पडतो. लंगडण्यामागे नसेच्या आवरणातली गाठही असू शकते; ती मात्र महिनोन्‌महिने वाढते. पिंपरी-चिंचवडच्या सोसायटीतला उतारवयाचा लॅब्रॅडोर आधी जरासा लंगडतो, सांधेदुखीच्या गोळ्यांनी फारसा फरक पडत नाही आणि मग खांद्याचं मांस झडून हाड हाताला लागू लागतं.

एक्स-रे बहुधा साफ येतो आणि निदान तिथेच रखडतं. खरं तर जाणत्या पशुवैद्याचे हात पुष्कळ सांगतात. बगलेत खोल दाबलं की कुत्रा केकाटतो. गाठ बोटाला लागेलच असं नाही. पाठीला हलका चिमटा घेतला की एरवी दोन्हीकडची कातडी थरथरते. आजारी बाजूची स्तब्ध राहू शकते. त्याच बाजूच्या डोळ्याची बाहुली बारीक आणि पापणी उतरलेली दिसली, तर गाठ मणक्याजवळ असल्याचा संशय बळावतो.

गोचिडांमुळे होणाऱ्या तापातही कुत्री लंगडतात, म्हणून रक्ततपासणी आधी. मग एमआरआय, तोही पूर्ण भूल देऊन, शिरेतून गॅडोलिनियम हे काँट्रास्ट द्रव्य सोडून. गाठ कण्याच्या नळीत शिरली आहे का, हे त्यात सर्वांत नीट दिसतं. पक्कं नाव बायोप्सीनंतरच. दूरच्या अवयवांत ही गाठ क्वचित पसरते, पण नसेच्या कडेनं कण्याकडे सरकते. त्याआधी सापडली तर बऱ्याचदा पाय काढावा लागतो; तीन पायांवर बहुतेक कुत्री छान फिरतात.