बंदूक ठेवली, फाईल उघडीच

सिंदेवाहीहून मूल, सावली करत व्याहाडला पोहोचलं की वैनगंगेचा पूल लागतो. पलीकडे गडचिरोली. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत हा सगळा एकच चंद्रपूर जिल्हा. अलीकडे गप्पा धानाच्या आणि वाघाच्या. पलीकडे चाळीस वर्षं माओवाद्यांच्या सशस्त्र तुकड्यांच्या, म्हणजे दलमच्या, आणि पोलिसांच्या.

त्या पलीकडच्या जंगलातून बाहेर पडायची सरकारी वाट म्हणजे २००५ पासूनची आत्मसमर्पण योजना. हत्यार जमा करा, हुद्द्याप्रमाणे रक्कम घ्या, घर बांधा, काम शिका. गडचिरोलीत आत्मसमर्पितांची नवजीवन वसाहत उभी राहिली; कोनसरीच्या लोहप्रकल्पात काहींना नोकऱ्या मिळाल्या. दलममध्ये लग्नाआधी पुरुषांची नसबंदी करायची रीत होती. बाहेर आलेल्या काहींनी पुन्हा शस्त्रक्रिया करून घेतली आणि घरात पाळणा हलला. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी तर माओवाद्यांच्या केंद्रीय नेतृत्वातला भूपती साठ साथीदारांसह मुख्यमंत्र्यांपुढे हजर झाला.

पण ही माफी नव्हे. माफीचा अधिकार राष्ट्रपती आणि राज्यपालांचा, तोही शिक्षा झालेल्यांसाठी. आत्मसमर्पितांपैकी अनेकांवर अजून खटले आहेत. ते मागे घ्यायचे तर न्यायालयाची संमती लागते.

सुटकेच्या बदल्यात लढायला लावण्याचीही एक रीत आहे. रशियात २०२२ साली वॅग्नर या खासगी लष्करी कंपनीच्या प्रिगोझिनने तुरुंगात जाऊन उघड सौदा केला: सहा महिने युक्रेनमध्ये लढा, जगलात तर सुटका. खुनाचे कैदीही त्यात होते. आपल्या शेजारच्या बस्तरमध्ये कैदी नव्हे, पण शरण आलेले माओवादी आणि गावचे तरुण विशेष पोलीस अधिकारी झाले, महिना तीन हजार मानधनावर. ५ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना नक्षलविरोधी मोहिमेत वापरायला मनाई केली. छत्तीसगडने कायदा करून त्यांना सहायक दलात घेतलं. पुढे शरणागत माओवादी डिस्ट्रिक्ट रिझर्व्ह गार्ड (डीआरजी) या पोलीस दलातही आले. एका हातातली बंदूक काढायची आणि दुसरी द्यायची, हा बस्तरचा हिशेब. अशा जवानाला कालच्या साथीदाराची पायवाट माहीत असते, म्हणूनच तो हवा असतो. आणि साथीदारालाही त्याचं घर माहीत असतं.

वैनगंगेपलीकडे माओवाद्यांनी खबऱ्या ठरवून मारलेल्यांचीही घरं आहेत. आत्मसमर्पिताची रक्कम, घर, नोकरी ठरवताना त्या घरच्यांना कुणी विचारत नाही. कोर्टातली ती उघडी फाईल आत्मसमर्पिताला काट्यासारखी सलते. मारल्या गेलेल्याच्या घरच्यांना मात्र बोलायला तेवढी एकच जागा उरते.