विश्लेषण : मैफल रात्री दहालाच का संपते? ‘सवाई’, दशावतार आणि तमाशासाठी ध्वनिनियमाचा अर्थ काय?

डिसेंबरचा दुसरा आठवडा म्हणजे महाराष्ट्रातील कलांची सुगी. पुण्यात सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाच्या मांडवाची तयारी सुरू असते. सिंधुदुर्गात गावोगावच्या जत्रांमध्ये दशावतारी मंडळींचे पेटारे उतरत असतात. दसऱ्यानंतर बाहेर पडलेले तमाशाचे फड एका गावाहून दुसऱ्या गावी मुक्काम हलवत असतात. श्रोते वेगळे, बिदागी वेगळी, प्रतिष्ठाही वेगळी. पण तिन्हींमध्ये एक गोष्ट सारखी आहे. या कला उघड्यावर, रात्रीच्या वेळी वाढल्या. आणि आज तिन्हींना एकच वेळ पाळावी लागते, रात्री १० ची. हा नियम आला कुठून, त्यात सवलत किती आणि त्याची खरी किंमत कोण मोजते, याचा हा आढावा.

नियम नेमका काय आहे?

केंद्र सरकारने पर्यावरण संरक्षण कायद्यांतर्गत ‘ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २०००’ लागू केले. त्यानुसार सकाळी ६ ते रात्री १० हा दिवस आणि रात्री १० ते सकाळी ६ ही रात्र. ध्वनिक्षेपक लावायचा तर दिवसाही लेखी परवानगी लागते. रात्री तो लावताच येत नाही. अपवाद बंदिस्त जागांचा, म्हणजे प्रेक्षागृह, सभागृह, समाजमंदिर यांचा. तोही आवाज आतल्या आत राहणार असेल तरच.

अनेकांचा समज असा, की ध्वनिक्षेपक बंद केला की प्रश्न मिटला. तसे नाही. २०१० मधील दुरुस्तीने रात्रीच्या बंदीत वाद्येही आली. म्हणजे उघड्या मैदानात मध्यरात्री नुसती पेटी आणि पखवाज वाजला, तरी नियमाच्या भाषेत तो भंगच ठरतो.

आवाजाची मर्यादाही ठरलेली आहे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि ५५, तर शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. डेसिबलचे गणित साध्या बेरजेचे नसते. १० डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते आणि कानाला तो आवाज साधारण दुप्पट वाटतो.

न्यायालयाने कडक भूमिका का घेतली?

या नियमांना धार आली ती सर्वोच्च न्यायालयाच्या १८ जुलै २००५ च्या निकालाने. त्यामागची एक याचिका ज्या घटनेमुळे दाखल झाली, ती सुन्न करणारी आहे. तेरा वर्षांच्या एका मुलीवर अत्याचार झाला आणि शेजारी लागलेल्या ध्वनिक्षेपकांच्या गोंगाटात तिचा मदतीसाठीचा आक्रोश कोणाला ऐकूच गेला नाही. पुढे त्या मुलीने स्वतःला जाळून घेतले.

बोलण्याचे स्वातंत्र्य आहे म्हणून ज्याला ऐकायचे नाही त्याच्या कानावर आवाज लादता येत नाही, ही न्यायालयाची भूमिका. शांतपणे झोपता येणे हा घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भाग मानला गेला. त्यामुळे हा वाद ‘कला विरुद्ध कायदा’ असा मांडणे सोपे असले तरी बरोबर नाही. मांडवामागच्या इमारतीतला रुग्ण, सकाळची परीक्षा असलेला विद्यार्थी, रात्रपाळी करून आलेला कामगार यांचीही बाजू आहे आणि ती खरी आहे.

१५ दिवसांच्या सवलतीचे गणित काय?

नियमात एक खिडकी आहे. सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवासाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १० ऐवजी १२ पर्यंत परवानगी देऊ शकते. हे दिवस आधी जाहीर करावे लागतात. ऑक्टोबर २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद वैध ठरवली, पण चौकट घट्ट केली. दिवस वाढवता येणार नाहीत, दोन तासांचे तीन तास करता येणार नाहीत आणि ही सवलत संपूर्ण राज्य हा एक घटक धरून द्यायची.

खरी मेख या शेवटच्या अटीत आहे. राज्य हा एक घटक धरला की यादीत साहजिकच राज्यभर साजरे होणारे सण येतात. गणेशोत्सवातील महत्त्वाचे दिवस, नवरात्र, शिवजयंती, आंबेडकर जयंती, नाताळ, ३१ डिसेंबर. गावची जत्रा मात्र त्या-त्या देवाच्या तिथीला भरते. कोकणात ती कार्तिक पौर्णिमेनंतर सुरू होते आणि रोज वेगळ्या गावात असते. पश्चिम महाराष्ट्रातील बहुतेक यात्रा चैत्र-वैशाखात. हजारो गावांच्या हजारो तिथी पंधरा दिवसांत बसणार कशा?

व्यवहारात जिल्हाधिकारी वर्षाच्या सुरुवातीला आपल्या जिल्ह्यासाठी दिवस जाहीर करतात आणि त्यातील एखाद-दोन दिवस स्थानिक गरजेसाठी राखून ठेवण्याची पद्धत आहे. त्या दिवसांसाठी मागणी करायला आयोजक संस्था, कार्यालयाशी पत्रव्यवहार आणि पाठपुरावा लागतो. शहरातील मोठ्या महोत्सवाकडे ते सगळे असते. गावच्या जत्रा समितीकडे बहुतेकदा नसते.

‘सवाई’मध्ये काय बदलले?

सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर. १९५२ मध्ये त्यांचे निधन झाल्यानंतर शिष्य भीमसेन जोशी यांनी १९५३ पासून गुरूच्या स्मृतीसाठी हा महोत्सव सुरू केला. आर्य संगीत प्रसारक मंडळ तो भरवते. २०११ मध्ये भीमसेनजी गेले आणि महोत्सवाच्या नावात त्यांचेही नाव आले. शाल, स्वेटर, घोंगडी, चहाचा थर्मास घेऊन रात्रभर मांडवात बसलेले पुणेकर हे या महोत्सवाचे जुने चित्र. पहाटेच्या गारठ्यात भैरवी ऐकून घरी जायचे आणि तसेच कामावर निघायचे, हा अनेक घरांचा शिरस्ता होता.

नियम आल्यावर महोत्सव थांबला नाही, सरकला. सत्रे दुपारी सुरू होऊ लागली, दिवस वाढले, रात्री १० ला सांगता होऊ लागली. अलीकडे शनिवारचे सत्र सवलतीचा दिवस वापरून मध्यरात्री १२ पर्यंत चालते.

यात गमावले काय? हिंदुस्थानी संगीतात दिवस-रात्रीचे आठ प्रहर मानले जातात आणि बहुतेक रागांना प्रहर नेमून दिलेला असतो. दुपारी ३ ते रात्री १० या वेळेत भीमपलासी, मुलतानी, पूरिया, मारवा, यमन, बिहाग बसतात. मध्यरात्रीनंतरचा मालकंस, दरबारी कानडा, रात्र सरतानाचे सोहनी आणि परज, उजाडतानाचा ललित आणि भटियार यांना या वेळापत्रकात जागाच राहत नाही. कलाकार रात्री नऊला मालकंस गातातही, श्रोते दादही देतात. पण एकाच बैठकीत मावळतीपासून उजाडेपर्यंत राग बदलत जाताना ऐकणे, हा अनुभव नव्या पिढीच्या श्रोत्याला मिळत नाही.

मिळवलेही काही. दुपारच्या रागांना मोठा श्रोतृवर्ग मिळाला. लहान मुले, ज्येष्ठ नागरिक, लांबून येणाऱ्या स्त्रिया यांना पूर्ण सत्र ऐकून वेळेत घरी पोहोचता येऊ लागले. सकाळच्या रागांसाठी दिवाळी पहाटसारख्या मैफली वाढल्या. मुंबईत प्रभादेवीच्या पु. ल. देशपांडे महाराष्ट्र कला अकादमीत ‘प्रातःस्वर’ ही सकाळची मालिका रुजली. थोडक्यात, शास्त्रीय संगीताने नियमाभोवती वाट काढली, कारण त्याच्याकडे पर्यायी वेळ, जागा आणि प्रायोजक होते.

दशावताराची अडचण वेगळी का?

दशावतार दुपारी ३ ला सरकवता येत नाही. कारण तो स्वतंत्र कार्यक्रम नसून जत्रेचा भाग आहे. आधी देवीची ओटी, नवस, मग रात्री पालखीची प्रदक्षिणा आणि त्यानंतर नाटक, असा क्रम असतो. नाटकाची सुरुवात आडदशावताराने होते. गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, भटजी आणि संकासुर येऊन जातात. मग पौराणिक आख्यान सुरू होते. ते रंगत रंगत पहाटेपर्यंत जाते आणि दहीकाल्याने जत्रा संपते. नाटकाला लिखित संहिता नसते. कथानक ठरलेले, संवाद मात्र रंगमंचावरच सुचतात. अशा नाटकाला ‘अर्धा तास कमी करा’ असे सांगता येत नाही. उत्स्फूर्तपणाला लागणारा वेळ हीच त्याची कला आहे.

पायपेटी, मृदंग आणि झांज एवढ्यावर हे नाटक पिढ्यान् पिढ्या चालले. मोचेमाडकर, वालावलकर, पार्सेकर यांसारख्या मंडळांनी ते गावोगाव नेले. ध्वनिक्षेपक नंतर आला. माडांच्या आडोशाला असलेल्या देवळासमोर गावच स्वतःसाठी हे नाटक करते. तक्रार करणारा शेजारी बहुतेकदा समोरच बसलेला असतो. तरी नियमाच्या नजरेत हे देऊळ आणि शहरातला भर वस्तीतला चौक सारखेच. गोव्यातल्या देवळांसमोर जत्रेच्या रात्री होणाऱ्या मराठी नाटकांपुढेही हाच पेच आहे.

तमाशाच्या वगाचे काय?

तमाशाला सर्वात मोठा फटका बसतो तो त्याच्या रचनेमुळे. आधी गण, मग गौळण, बतावणी आणि शेवटी वग असा क्रम. वग म्हणजे तमाशातले नाटक. कथा, सवाल-जवाब, राजकारणावरची टोलेबाजी सगळे त्यात. शेतातली कामे, गुरांचे पाणी, जेवणे उरकून माणसे तंबूत येईपर्यंत नऊ वाजतात. दहाला पडदा पाडायचा तर गण-गौळण आणि चार गाण्यांवर खेळ आटोपतो. कापला जातो तो नेमका वग. तो गेला की तमाशा म्हणजे फक्त नाचगाणी, हा गैरसमज पक्का होतो आणि वग लिहिणारा, सोंगाड्या, जुना ढोलकीवाला यांचे काम कमी होते.

प्रश्न पोटाचाही आहे. जुन्नर तालुक्यातील नारायणगाव ही तमाशाची पंढरी. यात्रांच्या हंगामाआधी तिथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावकारभारी येऊन सुपारी ठरवतात. खेळ दीड तासाचाच होणार असेल तर सुपारीही आखडते. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी होणारी ‘हजेरी’ आणि त्यानंतरचा कुस्त्यांचा आखाडा ही जुनी पद्धत. हजेरी दिवसा असल्याने तिला नियमाची आडकाठी नाही. काही प्रमाणात वग तिथे वाचू शकतो, पण रात्रीच्या तिकीटबारीची जागा ती घेऊ शकत नाही.

सभागृह हा उपाय आहे का?

शहरांसाठी बऱ्याच अंशी आहे. कोलकात्याचे डोव्हर लेन संगीत संमेलन दर जानेवारीत रात्रभर चालते, कारण ते बंदिस्त प्रेक्षागृहात होते. पुण्या-मुंबईतही आवाज बाहेर न जाणाऱ्या नाट्यगृहात रात्रभराची बैठक नियमानुसार घेता येते. अडचण आसनसंख्येची. मैदानात हजारो माणसे बसतात, नाट्यगृहात त्यातली थोडीच. मग तिकीट महागते आणि भारतीय बैठकीवर स्वस्तात बसणारा रसिक बाहेर राहतो. तालुक्याच्या गावी तर असे नाट्यगृह असतेच असे नाही, आणि असले तरी ते सुस्थितीत हवे.

मग मार्ग कोणता?

पहिला मार्ग यादीचा. सवलतीचे दिवस ठरण्याआधी जत्रा समित्या, दशावतारी मंडळे आणि फडमालक यांनी एकत्रितपणे मागणी नोंदवणे. यादी जाहीर झाल्यावर, ऐन जत्रेच्या आदल्या दिवशी धावाधाव करून काही मिळत नाही.

दुसरा मार्ग आवाजाचा. सार्वजनिक कार्यक्रमाच्या हद्दीवरचा आवाज परिसराच्या मर्यादेपेक्षा फार तर १० डेसिबल जास्त किंवा ७५ डेसिबल, यातील जो कमी असेल तितकाच ठेवायचा असतो. कमी क्षमतेचे जास्त स्पीकर श्रोत्यांच्या जवळ ठेवले तर शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचण्यासाठी पुढचे स्पीकर कर्कश करावे लागत नाहीत. शेजाऱ्यांचा विश्वास मिळाला तरच सवलतीची मागणी टिकते. सलोख्याने चालणाऱ्या मैफलीला डीजेच्या भिंतींची शिक्षा भोगावी लागते, ही कलाकारांची तक्रार रास्त आहे. पण दोन्हींतला फरक आधी आवाजातून दिसला पाहिजे.

तिसरा मार्ग धोरणाचा. भर वस्तीतला मांडव आणि वस्तीपासून दूरचे देऊळ, डीजेची भिंत आणि पायपेटी, यांच्यात फरक करणारी दुरुस्ती केंद्र सरकारच करू शकते. त्यासाठी राज्याने आग्रह धरावा लागेल.

तोवर या आठवड्यात बाहेर पडणाऱ्या रसिकांनी एवढे लक्षात ठेवावे. कार्यक्रम जाहिरातीतल्या वेळेलाच सुरू होणे आता महत्त्वाचे आहे. श्रोते उशिरा आले, सत्कार लांबले, भाषणे रेंगाळली, तरी घड्याळ दहालाच थांबवते आणि कात्री लागते ती शेवटच्या कलाकाराला. मैफलीत शेवटी बसतो तो बहुधा सर्वात ज्येष्ठ गायक, आणि तमाशात शेवटी असतो तो वग.