फाळक्यांनी माणसं कशी जमवली? सात चटकदार किस्से

त्र्यंबकेश्वरात 1870 साली जन्मलेल्या धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळक्यांनी 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमागृहात आपला पहिला सिनेमा ‘राजा हरिश्चंद्र’ लावला आणि मग सगळा पसारा नाशिकला हलवला. त्या काळी सिनेमाचा अनुभव असलेली माणसं देशात शोधून सापडत नव्हती. तरीही दादासाहेबांची टीम उभी राहिली. कशी?

1. बल्लवाची झाली राणी. ‘राजा हरिश्चंद्र’मधल्या तारामती राणीसाठी एकही बाई तयार होईना. ग्रँट रोडच्या एका हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंकेंची नाजूक ठेवण फाळक्यांनी हेरली आणि तारामती मिळाली! ‘लंकादहन’मध्ये (1917) तर राम आणि सीता, दोन्ही साळुंकेच.

2. ओळखीतला गुणी माणूस. कॅमेरा लंडनहून आणला, पण तो चालवणार कोण? त्र्यंबकचे स्नेही तेलंग यांना फाळक्यांनी स्वतः शिकवून तयार केलं.

3. घरातली तंत्रज्ञ. कच्च्या फिल्मच्या कडेला भोकं नसत. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई अंधारात बसून ती एकेक करून पाडत. फिल्म धुण्याचं कामही त्यांनी शिकून घेतलं, शिवाय अख्ख्या युनिटचा स्वयंपाक त्यांच्याकडेच. भारतीय सिनेमाच्या पहिल्या तंत्रज्ञांत त्यांचं नाव ठळक अक्षरांत हवं.

4. मायलेकी पडद्यावर. ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये (1913) दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या, तर त्यांची लेक कमलाबाई मोहिनी. पहिल्या सिनेमात न जमलेली गोष्ट त्याच वर्षी जमली.

5. कामाची जागा की गोकुळ? नाशिकच्या स्टुडिओत वाचनालय होतं, व्यायामशाळा होती, छोटंसं प्राणिसंग्रहालयसुद्धा होतं! माणसं तिथंच एका कुटुंबासारखी राहत. डोंगर, रान, लेणी हाकेच्या अंतरावर, त्यामुळे देखाव्यांना तोटा नव्हता.

6. चिमुरडी कालियावर भारी. ‘कालिया मर्दन’मध्ये (1919) कृष्ण झाली फाळक्यांची लहानगी मंदाकिनी. सुरुवातीलाच कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर थांबतो आणि ती एकामागून एक भाव दाखवत जाते. पोरीवर बापाचा केवढा भरवसा!

7. विद्या झाकून ठेवली नाही. चित्रपट कसे तयार होतात, यावरही फाळक्यांनी एक फिल्म काढली. आपली हातोटी त्यांनी खुशाल जगापुढे मांडली.

सातही किस्से एकच गोष्ट सांगतात. फाळक्यांनी अनुभवाचा दाखला मागितला नाही. माणसातला गुण ओळखला, हाताला धरून शिकवलं आणि मोठी जबाबदारी टाकली. आज नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कारखान्यांत किंवा कॉलेज रोडच्या एखाद्या स्टार्टअपमध्ये नवी भरती करणाऱ्यांनी पांडवलेण्याच्या पायथ्याशी असलेल्या फाळके स्मारकाला जरूर भेट द्यावी. आणि परतल्यावर आपल्याच ऑफिसात नीट पाहावं: चहा देणारा, हिशेब लिहिणारी, गेटवर बसणारा, यांच्यात काय काय दडलंय, ते कुणी विचारलंय का? नसेल, तर उद्याच विचारा.