चंद्राची क्षणोक्षणीची गती
ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर चंद्र दिवसाला सरासरी १३ अंश १० कला पुढे सरकतो. महिन्यातल्या बहुतेक दिवशी मात्र हा आकडा जुळत नाही. पृथ्वीजवळ असताना चंद्र दिवसात १५ अंशांपर्यंत मजल मारतो, दूर असताना जेमतेम १२ अंश जातो. लंबवर्तुळाकार कक्षेमुळे त्याची चाल सेकंदाला सुमारे ०.९७ ते १.०८ किलोमीटर यांदरम्यान बदलते. जवळ येताना चाल वाढते आणि अंतरही घटते, म्हणून आकाशात दिसणारा फरक त्याहून मोठा असतो.

चालीला दिशा नसते, वेगाला असते. सुमारे २७.३ दिवसांत चंद्र पृथ्वीभोवती फिरून जवळपास मूळ जागी येतो. विस्थापन शून्याच्या आसपास, म्हणून त्या काळातला सरासरी वेगही तसाच. सरासरी चाल मात्र सेकंदाला किलोमीटरहून थोडी जास्तच. सरासरी सोयीची असते, पण ती फार काही झाकून टाकते. मुंबई-पुणे हे १९२ किलोमीटरचे अंतर सव्वातीन तासांत तोडणाऱ्या गाडीची सरासरी चाल ताशी ५९ किलोमीटर येते. कर्जत सोडून घाट चढताना ती किती होती, हे त्यावरून कळत नाही.

पंचांगकर्त्याला नेमके तेच हवे असते. चंद्र सूर्याच्या आणखी १२ अंश पुढे गेला की एक तिथी संपते. चंद्र भरभर जात असेल तर तिथी २० तासांत आटोपते, रेंगाळला तर जवळजवळ २७ तास लागतात. तिथीचा क्षय आणि वृद्धी होते ती यामुळे. तिथी संपण्याची वेळ काढायची तर उरलेल्या अंतराला चंद्र आणि सूर्य यांच्या गतींतल्या फरकाने भागावे लागते. ही गती कोणती घ्यायची?

भास्कराचार्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’त (इ.स. ११५०) याचे स्वच्छ उत्तर दिले आहे. आजचे स्थान आणि उद्याचे स्थान यांतला फरक ही स्थूल गती. चंद्राची गती मोठी आणि क्षणोक्षणी बदलणारी. म्हणून तिथीचा शेवट जवळ असेल तर त्या वेळची तात्कालिक गती घ्यावी, लांब असेल तर स्थूल गतीने भागते.

तात्कालिक गती काढण्याची रीत याहून सुंदर आहे. ग्रहाच्या मध्यम स्थानात करायची मंदफलाची दुरुस्ती ज्येवर, म्हणजे साइनवर, अवलंबून असते. त्रिज्या ३४३८ धरून केलेल्या जुन्या कोष्टकात दर २२५ कलांना ज्या किती वाढते ते दिलेले असे: आधी २२५, मग २२४, २२२, असे उतरत शेवटी ७. एका टप्प्यात ही वाढ एकसारखी धरली, तर गतीही टप्पा संपेपर्यंत तीच राहते आणि पुढच्या टप्प्यावर एकदम बदलते. चंद्र असा धक्के खात चालत नाही. भास्कराचार्यांनी प्रत्येक जागी ही वाढ तिथल्या कोटिज्येच्या (कोसाइनच्या) प्रमाणात घेतली: २२५ गुणिले कोटिज्या, भागिले ३४३८. बारावीचा विद्यार्थी साइनचे विकलन कोसाइन लिहितो, ते हेच. कोटिज्येचा असा वापर दहाव्या शतकात मुंजाल या ज्योतिर्विदानेही केला होता, पण त्यामागचा विचार उलगडून सांगण्याचे श्रेय भास्कराचार्यांचे.

त्यातून एक निष्कर्ष आपोआप निघतो. जिथे मंदफल सर्वाधिक, तिथे त्याची वाढ थांबलेली असते. म्हणून तिथे ग्रहाची स्पष्ट गती मध्यम गतीइतकीच असते. लल्ल या आधीच्या ज्योतिर्विदाने ही जागा चुकीची सांगितली होती आणि भास्कराचार्यांनी ती चूक दाखवून दिली.

या गणिताकडे आधुनिक जगाचे लक्ष वेधले पुण्यात जन्मलेल्या आणि काशीच्या संस्कृत कॉलेजात शिकवणाऱ्या बापूदेवशास्त्र्यांनी. १८५८ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी लिहिले की, भास्कराचार्यांना विकलनाचे तत्त्व ठाऊक होते. भास्कराचार्यांच्या गौरवाच्या भाषणांत बापूदेवशास्त्र्यांचे नाव घेतले जात नाही, हा अन्याय आहे. विल्यम स्पॉटिसवुड या इंग्रज गणितज्ञाने १८६० साली आक्षेप घेतला: काळाचा तुकडा अत्यंत सूक्ष्म करत नेण्याबद्दल भास्कराचार्य काही सांगत नाहीत. आक्षेप रास्त आहे. कोणत्याही वक्राला लागू पडेल असा नियम ‘सिद्धांतशिरोमणी’त नाही आणि विकलनाला संकलनाशी जोडणारे सूत्रही नाही. त्यामुळे ‘न्यूटनच्या पाचशे वर्षे आधी कॅल्क्युलस’ ही घोषणा टिकत नाही. पण दिवसाची सरासरी बाजूला ठेवून ‘या क्षणी गती किती?’ असे विचारणे आणि त्याचे उत्तर आकड्यांत काढणे, हे यश घोषणेविनाही पुरेसे मोठे आहे.

भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला. चाळीसगावजवळच्या पाटण इथल्या १२०७ सालच्या शिलालेखात त्याची नोंद आहे. या गणितातली पुढची पायरी मात्र केरळात चढली गेली. भास्कराचार्यांच्या चंद्रगतीत ज्येवरून कंस काढतानाचा बदल हिशेबात आला नव्हता. नीलकंठ सोमयाजींच्या ‘तंत्रसंग्रह’ या १५०१ च्या सुमाराच्या ग्रंथात तोही धरलेला आहे.