न मागितलेला रतीब



दारी दूध घालणाऱ्या गवळ्याशी आपला व्यवहार किती सरळ असे! रतीब लावावयाचा झाला तर आपण त्यास तसे सांगत असू, आणि बंद करावयाचा झाला तर 'उद्यापासून नको' एवढे शब्द पुरत. साप्ताहिकाच्या वर्गणीचेही तसेच. वर्गणी संपली की कचेरीतून सूचना येई. पैसे पाठविले तर अंक चालू, न पाठविले तर बंद. वर्गणीदार गप्प बसला तर त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ नकार असाच घेतला जाई. आज मोबाईलवरून चालणाऱ्या व्यवहारांत हा न्याय नेमका उलटा झाला आहे. जो गप्प बसला त्याने होकार दिला असे धरून त्याच्या खात्यातून दरमहा रक्कम कापली जाते.

याचे फळ एका घरास काय भोगावे लागले, ते सांगतो. सीमाभागातील एका खेड्यात एक वृद्धा आपल्या नातवासह राहते. मुलगा बोटीवर नोकरीस. तो दरमहा पैसे पाठवितो. एके दिवशी आजीने तालुक्याच्या गावी जाऊन बँकेचे पासबुक छापून घेतले. त्यात सात महिन्यांच्या सात नोंदी निघाल्या, प्रत्येकी १९९ रुपयांच्या. एकूण १,३९३ रुपये गेले होते. घरात मोबाईल हाताळणारा एकटा नातू. संशय त्याच्यावरच गेला. तो शपथा घेत होता, आजीचा विश्वास बसत नव्हता. पंधरा दिवस त्या घरात कोणी कोणाशी धड बोलले नाही. शेवटी आजी माझ्याकडे आली व म्हणाली, "फादर, पैशाचं मला दुःख नाही. पण पोर चोरी करायला लागलं, हे त्याच्या बापाला कोणत्या तोंडानं सांगू?"

मुलास बोलाविले. तो रडत म्हणाला, "फादर, अभ्यासाचं ॲप होतं. मी एकच रुपया भरला होता. पिन आजीनंच घातला. आणि ते ॲप मी केव्हाच काढून टाकलं." त्याचा शब्द न् शब्द खरा होता. तरीही पैसे गेले होते, हेही खरे होते. या दोन सत्यांचा मेळ कसा बसतो, हे समजून घेणे प्रत्येक कुटुंबास आज आवश्यक झाले आहे.

एका रुपयाचे गौडबंगाल

'पहिले सात दिवस फुकट' किंवा 'केवळ एक रुपया' असे आमिष दाखविले जाते. तो रुपया देताना आपण पिन घालतो. आपणास वाटते, रुपया दिला, व्यवहार संपला. वस्तुतः त्याच पिनने आपण एका कायम आज्ञेवर सही केलेली असते. तिला 'मँडेट' किंवा 'ऑटोपे' म्हणतात. अमुक रकमेपर्यंत, अमुक मुदतीने, अमुक तारखेपर्यंत माझ्या खात्यातून पैसे घ्यावेत, असे ते लेखी अधिकारपत्रच होय. यूपीआयमध्ये ही सोय २०२० च्या जुलैमध्ये आली. पिन घालण्यापूर्वी पडद्यावर ती रक्कम, ती मुदत व ती अखेरची तारीख दाखविलेली असते. पण ती वाचतो कोण?

मुलाची चूक झाली ती येथेच. ॲप मोबाईलमधून काढून टाकले म्हणजे अधिकारपत्र रद्द होत नाही. गवळ्याचे तोंड पाहावयास नको म्हणून दार लावून घेतले, पण रतीब बंद करावयास सांगितलेच नाही, तर महिन्याचे बिल यावयाचेच.

कायदा काय म्हणतो?

ग्राहक अगदीच निराधार आहे असे मात्र नाही. कार्ड, वॉलेट व यूपीआय यांवरून वारंवार होणाऱ्या अशा वसुलीसंबंधी रिझर्व्ह बँकेने घातलेले नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून काटेकोरपणे अंमलात आले. त्यांनुसार पहिल्या वेळी ग्राहकाची स्पष्ट संमती लागते, आणि पुढील बहुतेक वसुलींपूर्वी निदान २४ तास आधी त्यास सूचना द्यावी लागते. ती सूचना मिळाल्यावर नकार देण्याचा अधिकार ग्राहकास आहे. २०२२ च्या जूनमध्ये ही मर्यादा १५,००० रुपये करण्यात आली. तिच्यावरील रकमेस, विम्याच्या हप्त्यासारखे काही अपवाद सोडल्यास, प्रत्येक वेळी नव्याने संमती द्यावी लागते.

आमच्या आजीलाही अशा सात सूचना आल्या होत्या. त्या इंग्रजीत होत्या. आजीस इंग्रजी येत नाही, आणि नातवाने आजीचे संदेश वाचण्याचे कारण नव्हते. सूचना येत राहिल्या आणि मौन संमती ठरत गेले.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी व्यापारातील १३ फसव्या क्लृप्त्यांची यादी प्रसिद्ध करून त्यांस मनाई केली. वर्गणी रद्द करण्याचा मार्ग लपविणे, तो मुद्दाम अवघड करणे, फुकट सेवेसाठीही पैसे भरण्याचा तपशील मागणे, या गोष्टी त्या यादीत 'वर्गणीचा सापळा' म्हणून समाविष्ट आहेत. म्हणजे लाज वाटावयाची ती फसलेल्या आजीस नव्हे.

रतीब बंद कसा करावा?

ज्या ॲपमधून पैसे दिले, त्यात आपल्या नावाच्या पानावर 'ऑटोपे' किंवा 'मँडेट' असे सदर असते. तेथे चालू अधिकारपत्रांची यादी दिसते; नको ते निवडून रद्द करता येते. वर्गणी प्ले स्टोअरमधून घेतली असेल तर तेथील 'सबस्क्रिप्शन्स' या सदरात जावे. कार्डावरून घेतली असेल तर बँकेच्या ॲपमध्ये पाहावे किंवा शाखेत जाऊन विचारावे. हे आपणास जमत नसेल तर घरातील जाणत्या मुलास शेजारी बसवून करावे.

तथापि एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. कापली गेलेली प्रत्येक रक्कम म्हणजे चोरी नव्हे. प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचे ४३६ रुपये आणि सुरक्षा विम्याचे २० रुपये वर्षातून एकदा खात्यातून जातात. आपण त्यांस संमती दिलेली असते, आणि घरातील मिळवता माणूस गेला तर त्याच २० रुपयांच्या अपघात विम्याचे किंवा ४३६ रुपयांच्या जीवन विम्याचे दोन लाख रुपये कुटुंबाच्या उपयोगी पडतात. कर्जाचा हप्ताही असाच जातो. घाईने असे अधिकारपत्र रद्द केल्यास विमा तुटेल किंवा हप्ता चुकून दंड बसेल. म्हणून आधी वाचावे, विचारावे, आणि मग रद्द करावे.

पुढे जपावे ते असे

पेन्शन, पीकविक्री किंवा परगावाहून येणारा पैसा ज्या खात्यात जमा होतो, ते खाते मोबाईलच्या व्यवहारांस जोडू नये. त्यासाठी दुसरे लहान खाते ठेवावे व त्यात खर्चापुरतीच रक्कम असू द्यावी. बाजारास जाताना आपण घरातील सर्व पैसे खिशात घालून जातो काय?

पैसे मिळविण्यासाठी पिन कधीही लागत नाही. पिन मागितला की आपल्या पदरचे काहीतरी जावयाचे आहे, असे समजून पडद्यावरील प्रत्येक शब्द वाचावा. फुकट मुदतीची सेवा घ्यावयाचीच असेल तर शेवटची तारीख भिंतीवरील कॅलेंडरवर लिहून ठेवावी.

कार्डावरील परदेशी आणि ऑनलाइन व्यवहार बंद-चालू करण्याची व त्यांवर मर्यादा घालण्याची सोय बँकांनी दिलीच पाहिजे, असा आदेश रिझर्व्ह बँकेने २०२० साली काढला. गरज नसेल तेव्हा ते बंदच ठेवावेत.

पैसे परत मिळविण्याच्या खटपटीत कंपनीचा दूरध्वनी क्रमांक गूगलवर शोधू नये. तेथे भामट्यांनी आपलेच क्रमांक पेरून ठेवलेले असतात. ते गोड बोलून मोबाईलचा पडदा पाहू देणारे ॲप घ्यावयास लावतात, आणि दोनशे रुपये परत मिळविण्यास गेलेला माणूस खाते रिकामे करून बसतो. क्रमांक घ्यावयाचा तो पासबुकावरील किंवा कार्डाच्या पाठीवरील.

दाद कोठे मागावी?

येथे एक भेद नीट समजला पाहिजे. आपण स्वतः पिन घालून दिलेल्या संमतीने पैसे गेले असतील, तर बँक त्यास चोरी मानीत नाही. तेव्हा प्रथम अधिकारपत्र रद्द करावे, मग ॲपच्या मालकांकडे लेखी परतावा मागावा. त्यांनी दाद न दिल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

परंतु आपल्या संमतीवाचूनच पैसे गेले असतील, तर एक दिवसही दवडू नये. १९३० या क्रमांकावर व बँकेस तात्काळ कळवावे. दोष बँकेचा किंवा आपलाही नसून तिसऱ्याच कोणाचा असेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले, तर ग्राहकावर तोशीस पडू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०१७ साली ठरवून दिले. बँकेने ३० दिवसांत उत्तर न दिल्यास किंवा ते असमाधानकारक असल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार नेता येते. तीस शुल्क नाही.

आमच्या आजीचे काय झाले, हे वाचक विचारतील. अधिकारपत्र पाच मिनिटांत रद्द झाले. लेखी मागणी केल्यावर शेवटच्या महिन्याचे १९९ रुपये परत आले. उरलेले १,१९४ गेले ते गेलेच. पण आजीने त्या सायंकाळी नातवास जवळ बोलावून म्हटले, "मी तुला उगाच बोलले रे." आता दर शनिवारी रात्री जेवणे आटोपली की नातू आजीच्या मोबाईलवरील सारे संदेश तिला मराठीत वाचून दाखवितो, आणि आजी पासबुक उघडून ते पडताळून पाहते.

हा पाठ आपणही आपल्या घरी सुरू करावा. त्यास दहा मिनिटांपेक्षा अधिक वेळ लागत नाही. आणि खात्यात एखादी न समजणारी नोंद आढळलीच, तर घरातील पोरावर संशय घेण्यापूर्वी मोबाईलमधील ऑटोपेचे पान एकदा उघडून पाहावे.