आर्लांडाला न पोहोचलेला डॉक्टर

स्टॉकहोम, जुलै 2024

जुलैत हे शहर ओस पडतं. निम्मे लोक बेटांवरच्या उन्हाळी घरांत, दुकानांच्या काचांवर सुट्टीच्या चिठ्ठ्या, आणि कुठल्याही कचेरीला ईमेल करा, उत्तर एकच: ऑगस्टमध्ये भेटू. डॉ. अहमदरेझा जलालींसाठी झटणाऱ्यांच्या पोटात याच दिवसांत गोळा येतो. फाशी ऑगस्टपर्यंत थांबेल, असं कुणी सांगितलंय?

जलाली मूळचे इराणी, आपत्ती-वैद्यकाचे संशोधक, इथल्या करोलिन्स्का संस्थेचे. भूकंपात इस्पितळाच्याच भिंती तडकल्या तर जखमींना कुठे हलवायचं, आधी कुणाला हात लावायचा, हे त्यांचं शास्त्र. किल्लारीचा भूकंप पाहिलेल्यांना त्याची किंमत सांगायला नको. इराणनेही 2003 मध्ये भूकंपात बाम शहर गमावलं. तेहरान आणि शिराझच्या विद्यापीठांनी बोलावलं म्हणून ते 2016 मध्ये गेले आणि एप्रिलमध्ये पकडले गेले. इस्रायलसाठी हेरगिरीचा आरोप. ऑक्टोबर 2017 मध्ये देहदंड. कबुलीजबाब छळ करून घेतला, इराणसाठी हेरगिरी करायला आपण नकार दिला त्याची ही शिक्षा, असं ते सांगत आले आहेत. 2020 मध्ये दीडशेहून अधिक नोबेल विजेत्यांनी त्यांच्यासाठी पत्र लिहिलं.

स्वीडनने 2018 मध्ये त्यांना नागरिकत्व दिलं. इराण दुहेरी नागरिकत्व मानत नाही, म्हणून त्यांच्याविषयी बोलायलाच तयार नाही, असं इथलं सरकार सांगतं. या देशाचा भरवसा पडद्याआडच्या वाटाघाटींवर. आवाज चढवला की काम बिघडतं, ही इथली पक्की समजूत. एरिट्रियात 2001 पासून डांबलेले स्वीडिश पत्रकार दावित इसाक याच धोरणाला फळ येण्याची वाट पाहताहेत.

मग आला 15 जूनचा शनिवार. हमीद नूरी हा 1988 च्या इराणी कैद्यांच्या हत्याकांडातला दोषी. 2019 मध्ये आर्लांडा विमानतळावर पकडलेला, इथल्या न्यायालयाने जन्मठेप दिलेला. त्याला सोडून त्याच्या बदल्यात स्वीडनने इराणमधून आपले दोन नागरिक परत आणले. पंतप्रधान आर्लांडावर त्यांच्या स्वागताला गेले. दोघं सुटले याचा आनंदच आहे. पण हातातला एकमेव मोठा मोहरा दिला आणि फाशीची टांगती तलवार असलेला माणूसच मागे राहिला, हे मला पटत नाही. तुरुंगातून फोनवर नोंदवलेल्या निरोपात जलालींनी पंतप्रधानांना नेमका हाच जाब विचारला.

गेल्या आठवड्यात इथल्या एका चौकात जलालींसाठी जमलेल्यांत मीही उभा होतो. पाऊस नुकताच पडून गेला होता. एक वयस्क इराणी बाई फलकावरचा फोटो ओढणीच्या टोकाने पुसत होत्या. फोटोतला माणूस भरल्या गालांचा, अटकेआधीचा. तुरुंगात जवळपास तीन हजार दिवस काढून खंगलेला चेहरा त्या फलकावर नाही.

त्यांच्या सुटकेसाठी युरोपातून गेलेलं पत्र तेहरानमध्ये संशयानेच उघडलं जातं. भारतातून गेलेलं कदाचित वेगळं वाचलं जाईल. आपल्याकडे वैद्यक आणि आपत्ती व्यवस्थापन शिकवणाऱ्यांनी ते लिहावं, ही माझी कळकळीची विनंती. पाठवायचं त्याच दोन विद्यापीठांना, ज्यांनी त्यांना पाहुणा म्हणून बोलावलं होतं.